गूळ अडतीचं ॲप: पोर्टलच्या कामाच्या नोंदी

८ सप्टेंबर २०२५

कोल्हापुरात शाहू मार्केट यार्डातल्या एका गूळ अडत दुकानाचं ॲप हातात घेतलंय. रिॲक्टमध्ये, म्हणजे स्क्रीन तुकड्यातुकड्यांनी बांधायच्या जावास्क्रिप्ट लायब्ररीत, लिहिलंय, चालतंय पण, स्क्रीनवर उघडणाऱ्या सगळ्या गोष्टी म्हणजे ड्रॉपडाऊन, मोडल (पानावर उघडणारी खिडकी), तारखेची चौकट, यांचं कायतरी ना कायतरी बिघडलेलं असतं. दिवाळी पाडवा २२ ऑक्टोबरला आहे, मुहूर्ताचे सौदे त्याच दिवशी निघणार आणि तिथनं पुढं हंगाम पकडला की दुकानात कुणाला मान वर करायला सवड नसते, म्हणून त्याच्या आत हे सगळं सरळ करायचं असं अण्णांशी म्हणजे मालकांशी ठरलंय.

पहिली तक्रार दिवाणजींची. आवक तक्त्यात एक ओळ म्हणजे एक लॉट: शेतकरी, गाव, रवे (गुळाच्या ढेपा), वजन, प्रत, दर, खरेदीदार. खरेदीदाराच्या रकान्यात ड्रॉपडाऊन आहे. वरच्या ओळींत ठीक, शेवटच्या ओळींत यादी उघडली की निम्मी कापली जाते. दिवाणजी म्हणाले, "ही यादी खाली बुडतीय बघा, नावंच दिसंनात." कोडमध्ये बघितलं तर झेड-इंडेक्स, म्हणजे कोण कुणाच्या वर दिसेल त्याचा आकडा, ९९, मग ९९९, मग ९९९९९ असा चढत गेलेला आहे आणि उपयोग शून्य, कारण इथं वर-खाली कोण असा प्रश्नच नाहीये, इथं कापाकापीचा प्रश्न आहे.

तक्ता रुंद, मोबाईलवर आडवा सरकावा म्हणून त्याच्या डब्याला ओव्हरफ्लो-एक्स ऑटो दिलंय. आणि सीएसएसचा, म्हणजे पान कसं दिसावं ते सांगणाऱ्या भाषेचा, नियमच असा आहे की एका दिशेला ऑटो किंवा हिडन दिलं की दुसऱ्या दिशेला व्हिजिबल राहूच शकत नाही, ब्राउझर ते आपोआप ऑटो धरतो. म्हणजे आडवं सरकवायला गेलं की उभं कापणं फुकटात गळ्यात पडतं. हे एकदा कळलं की झेड-इंडेक्स वाढवायचा नाद आपोआप सुटतो.

९ सप्टेंबर

पर्याय तपासले. पहिला, यादीला पोझिशन फिक्स्ड द्यायचं. फिक्स्ड असलेली गोष्ट ओव्हरफ्लोच्या डब्यातनं सुटते हे खरं, पण वरच्या कुठल्याही डब्यावर ट्रान्सफॉर्म, फिल्टर, पर्स्पेक्टिव्ह असलं काही असलं की फिक्स्ड हे स्क्रीनला धरून न राहता त्या डब्याला धरून राहतं. आणि या ॲपमध्ये प्रत्येक पान डावीकडनं सरकत येतं ते ट्रान्सफॉर्मवरच. ते ॲनिमेशन अण्णांना आवडतं, काढायचं नाही म्हणाले. मग फिक्स्ड एकट्यानं भागणार नाही.

दुसरा पर्याय पोर्टल. कंपोनंट म्हणजे स्क्रीनचा एक तुकडा, तो लिहायचा जिथं लागतो तिथंच, पण त्याचं एचटीएमएल उतरवायचं दुसरीकडं, बहुतेक वेळा थेट बॉडीच्या, म्हणजे पानाच्या सगळ्यात बाहेरच्या डब्याच्या, शेवटी. रिॲक्टमध्ये हे अधिकृतपणे १६ व्या आवृत्तीत आलं, सप्टेंबर २०१७ ला, क्रिएटपोर्टल नावानं. त्याआधी लोक नावातच अनस्टेबल असं लिहिलेलं एक फंक्शन वापरून हेच करत होते. रिॲक्टसारख्याच व्ह्यूमध्ये आधी वेगळी लायब्ररी लागायची, मग २०२० ला व्ह्यू ३ मध्ये टेलिपोर्ट आतच आलं. अँग्युलरच्या सीडीकेमध्येही पोर्टल आहे. सगळ्यांना हे लागतंय याचं कारण एकच, कंपोनंट कुणाचा आहे ते वेगळं आणि तो दिसायला कुठं पाहिजे ते वेगळं, आणि एचटीएमएलच्या झाडात या दोन्हीला एकच जागा असते.

११ सप्टेंबर

ड्रॉपडाऊन पोर्टलवर नेला. कापणं बंद.

आमच्याकडं नवीन लागलेल्या पोराला समजावताना जे सांगितलं ते इथंच लिहून ठेवतो, पुढच्या सगळ्या नोंदींना तेच लागणार आहे. गुऱ्हाळातनं रवे येतात, अडत दुकानात थप्पी लागते, पण सौदा होईपर्यंत माल शेतकऱ्याचाच असतो, दुकानात उतरला म्हणून अडत्याचा होत नाही. पोर्टलचं तसंच आहे. एचटीएमएल उतरलं बॉडीत, पण मालकी अजून आवक तक्त्याच्या त्या ओळीची. प्रॉप्स म्हणजे वरनं दिलेली माहिती तिथनं येणार, कॉन्टेक्स्ट म्हणजे झाडात खालच्या सगळ्यांना मिळणारी माहिती तिथनं येणार, आणि रिॲक्टचे इव्हेंट म्हणजे क्लिक वगैरेसुद्धा वर चढणार ते त्याच ओळीकडं. उलट सीएसएसचा वारसा, टॅब दाबल्यावर फोकस कुठं जातो, ब्राउझरचे स्वतःचे इव्हेंट, फॉर्म कुणाचा, भाषेचा ॲट्रिब्यूट, हे सगळं डॉमवर, म्हणजे ब्राउझरमधल्या एचटीएमएलच्या झाडावर, चालतं, म्हणजे जिथं उतरलंय तिथलं. कुठलाही बग आला की पहिला प्रश्न हाच विचारायचा: ही गोष्ट रिॲक्टच्या झाडावर चालते का डॉमच्या?

जागेचं गणित आता आपल्याकडं आलं. बटणाचा गेटबाउंडिंगक्लायंटरेक्ट, म्हणजे स्क्रीनवरची जागा, घ्यायचा, त्यावरनं यादी मांडायची, खाली जागा नसली तर वर उघडायची. स्क्रोल झाला की परत मोजायचं, आणि स्क्रोल इव्हेंट वर चढत नाही, त्यामुळं विंडोवर कॅप्चर लावून, म्हणजे इव्हेंट खाली उतरतानाच पकडून, ऐकायचं नाहीतर तक्त्याचा आतला स्क्रोल कळतच नाही आणि यादी हवेत लटकत राहते. हे सगळं हातानं लिहीत बसण्यापेक्षा फ्लोटिंग यूआय घेतलं, आधीचं पॉपर ते हेच, त्यात हे सगळं आहे.

१५ सप्टेंबर

यादीतनं खरेदीदार निवडला की लॉटचा तपशील उघडतोय. ओळीवर ऑनक्लिक आहे, क्लिक केलं की तपशील. यादी डॉममध्ये ओळीच्या आत नाहीच, बॉडीत आहे, पण रिॲक्टच्या हिशोबानं ती ओळीचीच, म्हणून क्लिक चढत चढत ओळीपर्यंत गेला.

सगळीकडं पहिला सल्ला असतो तो स्टॉपप्रोपगेशन, म्हणजे इव्हेंटचं वर चढणं थांबवणं. मला तो पटत नाही. रिॲक्टमध्ये थांबवलं की आतला खरा इव्हेंटही थांबतो, आणि डॉक्युमेंटवर जे बसलेत, म्हणजे बाहेर क्लिक झालं का बघणारे, त्यांना कळतच नाही की क्लिक झाला. एक बग मिटवून दुसरा लावायचा. त्यापेक्षा ओळीच्या हँडलरमध्येच विचारलं, ज्यावर क्लिक झालं ते डॉममध्ये खरंच माझ्या आत आहे का? कंटेन्स लावलं, उत्तर नाही आलं की सोडून द्यायचं. एक ओळ वाढली, बाकी कशाला हात लागला नाही.

याच्याच उलटं तारखेच्या चौकटीचं. ती मोडलच्या आतनं उघडते, पोर्टलनं बॉडीत उतरते, तिच्यात तारीख दाबली की मोडल बंद. मोडलचा बाहेर-क्लिक कंटेन्सवर चालतो आणि डॉममध्ये तारखेची चौकट खरोखरच बाहेर आहे. इथं रिॲक्टच्या झाडाची मदत घेतली, मोडलवर पॉइंटरडाऊन कॅप्चर लावला, चौकटीत बोट टेकलं तरी तो मोडलकडनं जातोच, तेव्हा आत आहे अशी खूण करायची, आणि डॉक्युमेंटवाल्यानं खूण बघून गप्प बसायचं. पोर्टलचेच हे दोन बग आहेत, एकाचा इलाज डॉममध्ये मिळाला, दुसऱ्याचा रिॲक्टमध्ये.

१७ सप्टेंबर

आजचा बग सगळ्यात वाईट, कारण तो पैशात जातो.

लॉट नोंदीच्या फॉर्ममध्ये शेतकरी निवडताना नाव यादीत नसलं की नवीन शेतकरी अशी मोडल उघडते. तिच्यात स्वतःचा फॉर्म: नाव, गाव, तालुका, मोबाईल, बँक खातं. टेस्टिंगला बसलेल्या आमच्या सहकारी ताईंनी नाव-गाव भरून एंटर दाबला. शेतकरी सेव्ह झाला, आणि सोबत पाठीमागचा लॉटही सेव्ह झाला. वजन रिकामं, दर रिकामा, रवे तेवढे भरलेले. असा लॉट सौद्याच्या यादीत गेला असता, त्यावरनं पट्टी म्हणजे विक्रीच्या हिशोबाचा कागद निघाला असता, तर शेतकऱ्याच्या हातात शून्याची पट्टी पडली असती. लांबनं ट्रॅक्टर घेऊन आलेल्या माणसाला तसला कागद द्यायचा ही कल्पनाच सहन होत नाही.

कारण तेच, दोन झाडं. एचटीएमएलमध्ये फॉर्मच्या आत फॉर्म चालत नाही, ब्राउझर मानतच नाही. पोर्टलमुळं आतला फॉर्म बॉडीत गेला आणि डॉमच्या नजरेत दोन्ही वेगळे झाले, कुठंही वॉर्निंग नाही. पण रिॲक्टच्या झाडात तो अजून आतच आहे, म्हणून त्याचा सबमिट वर चढला आणि बाहेरच्या फॉर्मचा ऑनसबमिट चालला. प्रिव्हेंटडिफॉल्ट दोन्हीकडं होतं, पण ते चढणं थांबवत नाही, ते फक्त ब्राउझरला पान पाठवू नको म्हणतं.

इथं मात्र स्टॉपप्रोपगेशन लावलं, आतल्या ऑनसबमिटमध्ये, कारण सबमिटवर डॉक्युमेंटला बसून ऐकणारं या ॲपमध्ये कुणी नाही. पण ते तात्पुरतं. खरं काम म्हणजे नवीन शेतकऱ्याची मोडल लॉटच्या फॉर्मच्या बाहेर आणणं, रिॲक्टच्या झाडातसुद्धा. फॉर्मनं फक्त मोडल उघड एवढंच सांगायचं, मोडल त्याची भावंड म्हणून शेजारी राहील. केलं तसं. आणि सर्व्हरला पण सांगितलं की वजन नसलेला लॉट घ्यायचाच नाही, हे खरं तर पहिल्या दिवसापासनं असायला पाहिजे होतं पण ॲप तसंच मिळालंय.

याच्या उलटा एक प्रकार आहे तो लिहून ठेवतो. सेव्हचं बटण मोडलच्या तळात, आणि तळ वेगळ्या पोर्टलमध्ये असला तर बटण सबमिट टाइपचं असून दाबल्यावर काहीच होत नाही. डॉममध्ये त्याच्या वर फॉर्मच नाही. तिथं बटणाला फॉर्म ॲट्रिब्यूट देऊन फॉर्मचा आयडी लिहायचा, बस्स.

२० सप्टेंबर

मोडलमधली अक्षरं वेगळी दिसतात असं ताई म्हणाल्या. आधी वाटलं फाँट नाही लागला. फाँटही नव्हता लागला, थीमचे रंग आणि फाँट ॲपच्या वरच्या डिव्हवर सीएसएस व्हेरिएबलनं दिलेत, मोडल त्या डिव्हच्या बाहेर, वारसा डॉमचा, म्हणून काहीच मिळालं नाही. ती व्हेरिएबल रूटवर म्हणजे एचटीएमएल टॅगवर नेली, फाँट आला. तरीही "शेतकरी" मधला श आणि "लॉट" मधला ल पानावर एक आणि मोडलमध्ये दुसरा.

हे मला फार आवडलेलं प्रकरण. देवनागरीत मराठी ल आणि श यांची वळणं हिंदीपेक्षा वेगळी आहेत. काही चांगल्या फाँटांत दोन्ही रूपं दिलेली असतात आणि कुठलं दाखवायचं हे लँग ॲट्रिब्यूट बघून ठरतं, एमआर असलं तर मराठी. ॲपमध्ये मराठी-कन्नड असा बदल आहे, सीमाभागातले शेतकरी येतात म्हणून, आणि तो बदल ॲपच्या डिव्हवर लँग बदलून केलाय. वर एचटीएमएल टॅगवर मात्र टेम्प्लेटमधला इंग्रजीच लँग राहिलेला. मोडल बॉडीत, तिला तो इंग्रजीवाला मिळाला, म्हणून मराठी वळण गेलं. कंप्यूटर वाचून दाखवतो त्यालाही भाषा तिथनंच कळते.

लँग आता डॉक्युमेंटच्या मुळावरच बदलतो. दिवाणजींना फरक जाणवला असता का ठाऊक नाही, पण दुकानाच्या पाटीवर जसा श असतो तसा स्क्रीनवर असला पाहिजे, याच्यावर मी अडून बसणार.

२६ सप्टेंबर

नवरात्रात अंबाबाईच्या गर्दीमुळं महाद्वार रोडकडं जायची सोय नाही, आम्ही राजारामपुरीतनं हलतच नाही, काम पुढं सरकतंय.

फोकसचं बघितलं. दिवाणजी माऊसला हात लावत नाहीत, आकड्यांचा कीपॅड, टॅब, एंटर, संपलं. मोडल बॉडीच्या शेवटी असल्यानं आत टॅब दाबत गेलं की शेवटच्या बटणानंतर फोकस ब्राउझरच्या ॲड्रेस बारमध्ये जातो, आणि उलट टॅब केला की मागच्या झाकलेल्या तक्त्यात. न दिसणाऱ्या रकान्यात आकडे पडायला लागतात. फोकस ट्रॅप लिहिता येतो, पण ब्राउझरकडं आता स्वतःचा डायलॉग एलिमेंट आहे. शोमोडलनं उघडला की तो टॉप लेयरमध्ये जातो, सगळ्याच्या वर, तिथं झेड-इंडेक्स, ओव्हरफ्लो, ट्रान्सफॉर्म कुणाचं काही चालत नाही, आणि त्यासाठी डॉममधनं हलवायची गरजच नाही. मागचं सगळं इनर्ट बनतं, म्हणजे दाबता येत नाही, आणि बंद केल्यावर फोकस जिथनं आला तिथं परत जातो. क्रोममध्ये हा २०१४ पासनं आहे, फायरफॉक्स आणि सफारीत मार्च २०२२ ला आला.

ड्रॉपडाऊनसाठीही तसंच पॉपओव्हर आहे: क्रोम ११४, सफारी १७, फायरफॉक्स १२५ पासनं. मन तिकडंच ओढत होतं. पण दुकानातला काउंटरचा पीसी विंडोज ७ वर आहे आणि विंडोज ७ ला मिळालेलं शेवटचं क्रोम १०९, जानेवारी २०२३ चं. फायरफॉक्सची जी जुनी शाखा विंडोज ७ वर चालते ती ११५. दोन्हीत पॉपओव्हर नाही. डायलॉग दोन्हीत आहे. म्हणून निर्णय: मोडल डायलॉगवर, ड्रॉपडाऊन पोर्टलवरच.

४ ऑक्टोबर

दसऱ्याला सुट्टी, दसरा चौकातलं सोनं लुटून परत कामाला.

सगळ्या मोडल डायलॉगवर नेल्या, टॅब आता मागच्या तक्त्यात जात नाही. पण आता डायलॉगच्या आतला ड्रॉपडाऊन उघडला की दिसत नाही. उघडतो, बॉडीत उतरतो, डायलॉगच्या मागं. आणि "सेव्ह झालं" हा टोस्ट, म्हणजे क्षणभर येणारी सूचना, तीही मागं. टॉप लेयरच्या वर बॉडीतली कुठलीच गोष्ट येऊ शकत नाही, आणि आली असती तरी इनर्ट असल्यानं दाबता आली नसती. पोर्टल म्हणजे बॉडी हे समीकरणच इथं तुटतं.

७ ऑक्टोबर

एक छोटा कॉन्टेक्स्ट केला, पोर्टल कुठं उतरवायचं एवढंच सांगणारा. काही नसलं तर बॉडी. प्रत्येक डायलॉग आपल्या आतल्यांना स्वतःचा नोड, म्हणजे डॉममधली जागा, देतो. ड्रॉपडाऊन, तारखेची चौकट, टोस्ट, सगळे त्यालाच विचारतात. डायलॉगच्या आत डायलॉग उघडला तरी जवळचा मिळतो, कारण कॉन्टेक्स्ट रिॲक्टच्या झाडावर चालतो. टोस्टची गोष्ट थोडी वेगळी, तो ॲपच्या मुळाशी राहतो, म्हणून उघड्या डायलॉगांची एक यादी ठेवली आणि टोस्ट सगळ्यात वरच्यात उतरतो.

नोड आधी रेफमधनं घेत होतो, पण पहिल्या रेंडरला, म्हणजे स्क्रीन पहिल्यांदा काढताना, रेफ रिकामा असतो, म्हणून स्टेटमध्ये ठेवला, नोड आला की परत रेंडर.

१० ऑक्टोबर

पट्टीची प्रिंट. हे पोर्टलचं सगळ्यात सुंदर काम वाटतं मला. पट्टीवर शेतकऱ्याचं नाव, रवे, वजन, दर, एकूण, वजा हमाली, तोलाई, उचल, हाती रक्कम. आधी सगळा तक्ता छापला जायचा आणि पट्टी कुठंतरी दुसऱ्या कागदावर. आता एचटीएमएलमध्ये ॲपच्या रूटशेजारी, म्हणजे ॲप ज्या डिव्हमध्ये बसतं त्याच्या शेजारी, प्रिंटसाठी दुसरा रिकामा डिव्ह ठेवला, पट्टी तिथं पोर्टलनं उतरते, स्क्रीनवर तो लपलेला, आणि प्रिंटच्या सीएसएसमध्ये रूट लपवून फक्त तो दाखवायचा. पट्टीला सगळा हिशोब कॉन्टेक्स्टमधनं मिळतो, वेगळं काही पाठवायला लागत नाही. विंडो प्रिंट बोलवायच्या आधी फ्लशसिंकनं रेंडर पुरं करून घ्यायचं आणि फाँट उतरलेत का ते डॉक्युमेंट फाँट्स रेडीनं बघायचं, नाहीतर पहिल्या पट्टीवर दुसराच फाँट.

१४ ऑक्टोबर

टेस्ट दुरुस्त केल्या. ज्या टेस्ट कंटेनरमध्ये शोधत होत्या त्यांना पोर्टलमधलं काही सापडत नाही, स्क्रीनवरनं, म्हणजे अख्ख्या बॉडीत, शोधलं की सापडतं. आजचे दर दाखवणारं पान सर्व्हरवर तयार होतं, तिथं डॉक्युमेंट नसतं, म्हणून पान ब्राउझरमध्ये माउंट झाल्यावरच पोर्टल रेंडर करायचं. याच्यात फार काही नाही.

२३ ऑक्टोबर

काल मुहूर्ताचे सौदे झाले, मी सकाळपासनं दुकानात काउंटरशेजारी उभा होतो. शेवटच्या ओळीत यादी वर उघडली, दिवाणजी न थांबता पुढच्या लॉटवर गेले. नवीन शेतकरी दोनदा टाकायला लागले, एंटर मारला, मागचा लॉट जागेवर. पट्ट्या निघाल्या.

एक नवीन सापडलं. अण्णा फोनवर वापरतात, कीबोर्ड वर आला की यादी त्याच्या मागं जाते, कारण आपण मोजतोय ती पूर्ण स्क्रीन, दिसणारा भाग नाही. व्हिज्युअल व्ह्यूपोर्टवरनं मोजायला पाहिजे, ते या आठवड्यात.

काउंटरचा पीसी बदलायचा विचार अण्णांच्या मनात आहे. बदलला तर ड्रॉपडाऊन पॉपओव्हरवर नेईन, मग पोर्टल फक्त पट्टीपुरतं उरेल. त्यासाठीच ड्रॉपडाऊनचं उतरवणं एकाच फाईलमध्ये ठेवलंय, तिथं बदललं की बाकी तक्त्याला, फॉर्मला, डायलॉगला हात लावायला लागणार नाही.